भोक पाडणे हेच मुख्य काम

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांवरच्या मासेमारीविषयी लेख आला होता. तंबू, आत हीटर, बर्फात एक भोक आणि त्यापाशी तासन्‌तास चिकाटीने बसलेला माणूस, असे त्यातले एकंदर चित्र. मुलाबाळांकडे हिवाळ्यात मिनेसोटाला जाणारे वाचक आता कमी नाहीत, आणि हौसेपोटी ते बर्फावर उतरतातही. त्या लेखाच्या भरवशावर उतरले तर मासा मिळणार नाही, ही त्यातली लहान अडचण. म्हणून हे जरा लांबलचक पत्र.

मोठ्या तळ्यावर दोन गोष्टी गृहीत धरून भागत नाही. बर्फ सगळीकडे सारखा असेल ही एक, आणि आपण बसलो तिथे मासा येईल ही दुसरी. दोन्हींचा निकाल एकाच हत्याराने लागतो: बर्फाला भोक पाडणारा ऑगर. उदाहरणादाखल मिनियापोलिसच्या उत्तरेला साधारण शंभर मैलांवरचे मिल लॅक्स घेऊ. क्षेत्रफळ सुमारे 1 लाख 32 हजार एकर आणि सर्वांत खोल जागा 42 फुटांच्या आसपास. म्हणजे तळे परातीसारखे पसरट. वॉलआय आणि यलो पर्च हे दोन्ही मासे तिथे आहेत, आणि वाऱ्याला अडवायला काहीही नाही.

आधी बर्फाचे. ‘चार इंच बर्फ पुरे’ असे लेखात एक वाक्य आहे. हा आकडा मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाचाच आहे, पण तो पायी चालणाऱ्या माणसापुरता आणि नव्या, स्वच्छ, काचेसारख्या पारदर्शक बर्फापुरता. स्नोमोबाइलला 5 ते 7 इंच, लहान मोटारीला 9 ते 10, मध्यम पिकअपला 13 आणि चाकांवरचे घर ओढणाऱ्या जड ट्रकला 20 इंचांहून जास्त, अशी त्या विभागाची मार्गदर्शक यादी आहे. बर्फ दुधाळ पांढरा असेल, म्हणजे हिमात पाणी मुरून गोठलेला, तर त्याची ताकद निम्मी धरायची आणि वरचे सगळे आकडे दुप्पट करायचे. पुढच्या अंकात ही पूर्ण यादी छापता आली तर जरूर छापावी. एकटा ‘चार इंच’ हा आकडा धोक्याचा आहे.

मोजण्यातही गफलत होते. किनाऱ्यावरून निघताना हातात पहार असावी आणि दर पाऊल-दोन पावलांनी पुढे ठोसा मारून बघावे. एका जोरदार ठोशात पहार आरपार गेली तर आल्या पावली मागे फिरावे. पुढे गेल्यावर निदान दर दीडशे फुटांवर ऑगरने भोक पाडून पट्टीने मोजावे. पट्टीचे हुकासारखे वाकलेले टोक बर्फाच्या खालच्या कडेला अडकवून वर ओढले की जाडी कळते. त्यात वरचा हिम आणि लगदा धरायचा नसतो. बर्फाच्या दोन थरांमध्ये पाण्याचा लगदा सापडला तर दोन्ही थरांची बेरीज करून समाधान मानू नये. तो सलग बर्फ नव्हेच.

जाडी जागोजागी वेगळी का, तर उपसागरासारखे कोपरे आधी गोठतात आणि मधला विस्तार वाऱ्याने हलत राहून उशिरा. शिवाय हिमाचा थर पांघरुणाचे काम करतो: जिथे हिम साचला तिथे खालचा बर्फ सावकाश वाढतो, जिथे वाऱ्याने उडून गेला तिथे भराभर. हिमाचे वजन ही आणखी एक भानगड. बर्फाचा जेमतेम बारावा हिस्सा पाण्यावर असतो, म्हणजे 12 इंचांचा बर्फ साधारण एकच इंच वर. त्यावर दबून बसलेला चार इंच हिम आला की तेवढ्या वजनाने बर्फ पाण्याच्या पातळीला येतो. आणखी पडला की भेगांतून आणि भोकांतून पाणी वर चढते आणि हिमाखाली लपलेला लगदा तयार होतो. वरून काहीच दिसत नाही. स्नोमोबाइल त्यात रुतली की पट्ट्याला चिकटलेला लगदा गोठतो आणि मग ती तिथेच राहते.

मोठ्या तळ्याचे खास संकट म्हणजे दाबाने उठलेले बांध. तापमान चढते-उतरते तसा बर्फ फुगतो आणि आक्रसतो. त्याच्या कडा एकमेकींवर चढून मैलोन्‌मैल लांब कंगोरे उभे राहतात आणि त्यांच्या पायथ्याशी पातळ बर्फ किंवा उघडे पाणी असते. काल ओलांडलेली जागा आज बंद असू शकते. मिल लॅक्सच्या काठची रिसॉर्टे पैसे घेऊन बर्फावरचा हिम बाजूला सारून रस्ते करतात आणि भेगांवर पूल टाकतात. ते पैसे वाचवायच्या भानगडीत नवख्याने पडू नये. रस्ता ज्यांनी केला त्यांना आज भेग कुठे आहे ते ठाऊक असते.

आणि वारा. हंगामाच्या सुरुवातीला बर्फ पक्का असूनही किनाऱ्यापासून तुटू शकतो. 2022 च्या नोव्हेंबरअखेरीस मिनेसोटातल्याच अप्पर रेड लेकवर असा तुकडा सुटला आणि त्यावर अडकलेल्या सुमारे 200 जणांना सोडवावे लागले. किनाऱ्याकडून तळ्याच्या दिशेला जोरात वारा सुटणार असेल, तर त्या दिवशी किनाऱ्याला चिकटलेला बर्फ कितीही जाड असो, पहिल्या पंधरवड्यात आत जाऊ नये.

गाडी नेलीच तर ती उभी केल्यावर तिच्या शेजारी एक भोक पाडावे. त्यात पाणी कडेच्या थोडे खाली थांबते. काही वेळाने ते कडेला येऊन बर्फावर पसरू लागले, तर गाडीच्या वजनाखाली बर्फ वाकतो आहे. गाडी लगेच हलवायची. तसेही दर दोन तासांनी जागा बदलावी आणि दोन गाड्यांत निदान पन्नास फूट अंतर ठेवावे. चालवताना वेग अगदी कमी, सीटबेल्ट सोडलेले आणि काचा खाली. गाडी पुढे जाते तशी बर्फाखाली पाण्याची लाट चालते, आणि वेगात किनाऱ्याजवळ आलो की तीच लाट उलटून बर्फ फोडते.

गळ्यात टोचे हवेतच. लाकडी किंवा प्लास्टिकच्या मुठींना टोकदार खिळे आणि मध्ये दोरी, एवढीच ती वस्तू. पण पिशवीत ठेवलेले टोचे काही कामाचे नाहीत. पाण्यात पडल्यावर पहिला मिनिट दम सावरण्यात जातो, हातपाय कामाचे राहतात ते साधारण दहा मिनिटे. कपडे काढायचे नाहीत, त्यांत हवा असते. ज्या बाजूने आलो तिकडे तोंड करायचे, कारण तिकडच्या बर्फाने आपले वजन मघाशी पेलले होते. पाय मारत आडवे होऊन टोचे रोवायचे, आणि वर आल्यावर उभे न राहता लोळत दूर जायचे.

आता मासा. संयम हा या मासेमारीचा गाभा आहे, हे लेखातले विधान मला साफ अमान्य आहे. वॉलआय संध्याकाळी येतो, म्हणून त्या तासाभरात शांत बसणे ठीक. पण जागा ठरवण्यासाठी दुपारी घाम गाळावा लागतो. चाकांवरच्या घरात पलंग, टीव्ही, शेगडी सगळे असते, पण ते हलवणे जिवावर येते आणि माणूस माशाच्या जागी न बसता घराच्या जागी बसतो. सुरुवात करणाऱ्याने घडीचा तंबू आणि घसरगाडी एवढ्यावरच भागवावे.

हिवाळ्यात तळाशी पाणी 4 अंश सेल्सिअसच्या आसपास, सर्वांत जड आणि तुलनेने उबदार. बर्फाच्या लगत शून्य. बर्फ नवा असताना वॉलआय 8 ते 15 फुटांत, खडकाळ टोकांच्या आणि उरल्यासुरल्या पाणवनस्पतींच्या कडेला सापडतो. जानेवारीत तो खोल जातो. मिल लॅक्सच्या उत्तर भागात मडफ्लॅट म्हणतात ती चिखलाची पठारे आहेत. वर पंचवीसेक फूट पाणी आणि कडेला उतरून तीसच्या पुढे. ही कडच धरायची. एक भोक पठारावर, एक कडेवर, एक उतारावर, एक पायथ्याशी, प्रत्येकी वीस-तीस फुटांवर. आणि अशा दोन-तीन रांगा. सगळी भोके आधीच पाडून घ्यावीत. मासे आल्यावर ऑगर चालवला तर उथळ पाण्यातला वॉलआय पसार होतो.

ऑगर 8 इंची घेतला की वॉलआय आणि पर्च दोन्हींना चालतो. फक्त पर्च धरायचे असतील तर 6 इंची पुरे, कारण 8 इंची भोकात जवळजवळ पावणेदोनपट बर्फ कापावा लागतो आणि बॅटरी तशीच संपते. पाती बोथट होतात ती बहुधा वाळूमुळे: किनाऱ्याजवळचा किंवा गाड्यांच्या रस्त्यावरचा बर्फ मातकट असतो. शेवटी पाते आरपार गेले की ऑगर फिरवतच वर ओढावा म्हणजे लगदा बाहेर येतो. मग झाऱ्याने भोक साफ करावे. पात्यांवर साचलेला बर्फ झाडायला ऑगर आपटू नये, पात्याचा कोन बिघडतो आणि मग तो नुसता घसरतो. लिथियमची बॅटरी अंगातल्या कोटाच्या आत ठेवावी आणि गारठलेल्या अवस्थेत कधीही चार्जिंगला लावू नये. शून्याखाली चार्ज केली की ती आतून कायमची खराब होते.

प्रत्येक भोकात फ्लॅशरचा, म्हणजे ध्वनिलहरींनी खोली आणि मासे दाखवणाऱ्या सोनार यंत्राचा, ट्रान्सड्यूसर (लहरी सोडणारा भाग) सोडून अर्धा-एक मिनिट बघावे. बर्फ स्वच्छ असेल तर भोक पाडण्याआधीच त्यावर थोडे पाणी ओतून ट्रान्सड्यूसर टेकवला तरी खोली कळते. लहरींच्या झोताचा कोन 20 अंशांचा असेल तर 30 फुटांवर साडेदहा फूट व्यासाचा तळ दिसतो. ऐकायला हे बरे वाटते, पण उतारावर याच रुंदीचा तोटा होतो: वरच्या बाजूचा तळ आधी प्रतिध्वनी देतो आणि त्याच्या पातळीखाली चिकटून बसलेला मासा दिसतच नाही. म्हणून उतारावर अरुंद कोन वापरावा. हल्ली ‘लाइव्ह’ सोनार आडव्या दिशेलाही मासे दाखवतो. तो हौसेने घ्यायला हरकत नाही, मात्र त्याच्यामुळे लोक भोकांपेक्षा पडद्याकडे जास्त बघू लागले आहेत.

वॉलआयच्या डोळ्यात उजेड परत फेकणारा थर असतो, त्यामुळे अंधूक पाण्यात त्याला त्याच्या भक्ष्यापेक्षा बरे दिसते. पर्चला ही सोय नाही; तो दिवसा खातो आणि अंधार पडला की तळाशी निपचित बसतो. दिवसाचे वेळापत्रक इथेच ठरते: सकाळी उजाडताना वॉलआय, दिवसभर पर्च, आणि सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपासून पुढे तासभर पुन्हा वॉलआय. डिसेंबरात तिथे सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, तेव्हा चार वाजता सगळे मांडून तयार असले पाहिजे. गढूळ पाण्यात किंवा हिमाचा जाड थर असताना वॉलआय भर दुपारीही खातो.

वॉलआयसाठी 28 इंचांच्या आसपासची मध्यम ताठ काठी, 6 ते 8 पौंडांचा ताण पेलणारी दोरी आणि साडेतीन ते सात ग्रॅमचा जिगिंग स्पून, म्हणजे वरखाली हलवायचे धातूचे चमकते आमिष. विणलेली दोरी पाणी धरते आणि गोठते. उघड्यावर बसायचे असेल तर एकेरी नायलॉनच बरी. स्पूनच्या वर दीड फुटावर फिरकी लावली नाही तर दोरीला पीळ पडतो आणि स्पून तळाजवळ गोल गोल फिरत राहतो. असा फिरणारा स्पून वॉलआय बघतो आणि निघून जातो. तीन तोंडी गळाच्या एका टोकावर लहान माशाचे नुसते डोके टोचायचे. स्पून तळाला दोन-तीनदा आपटून चिखल उडवायचा, मग फूट-दीड फूट उचलून ढिला सोडायचा, आणि थांबायचे. फ्लॅशरवर मासा आला की उचल कमी करत आमिष सावकाश वर न्यायचे. पाठलाग करत वर येणारा मासा बहुतेक वेळा तोंड उघडतोच. नवखा माणूस नेमका इथे चुकतो: मासा दिसला की आमिष त्याच्याकडे खाली सोडतो. वॉलआय वर बघून खातो, खाली गेलेले आमिष त्याच्या दृष्टीने पळालेले नसून संपलेले असते. दोन-तीन मासे येऊन नुसते बघून गेले तर आमिष लहान करावे. वीस मिनिटांत कोणी फिरकलेच नाही तर पुढचे भोक.

मिनेसोटात बर्फावर माणशी दोन गळ चालतात. दुसरा स्थिर ठेवावा: साधा गळ, थोडे शिसे आणि पाठीच्या पराखाली टोचलेला जिवंत छोटा मासा, तळापासून सहा इंच ते फूटभर वर. रिळाचा ब्रेक सैल ठेवला नाही तर काठी भोकात जाते, आणि ती पुन्हा दिसत नाही. गळाला लागलेला मासा भोकाच्या तोंडाशी आला की काठीचे टोक पाण्यात बुडवावे, म्हणजे दोरी बर्फाच्या धारेवर घासत नाही. आणि त्याआधी ट्रान्सड्यूसर बाहेर काढलेला असावा. मोठे वॉलआय सुटतात ते जास्त करून याच शेवटच्या दोन फुटांत.

पर्च थव्याने हिंडतो आणि भर हिवाळ्यात मऊ चिखलाच्या खोल भागात उतरतो, कारण तिथे चिखलात किड्यांच्या लाल अळ्या असतात. त्याच्यासाठी 2 ते 4 पौंडांची दोरी, 3 ते 5 मिलिमीटरचा टंगस्टन जिग, म्हणजे वजन जोडलेला लहान गळ, आणि त्यावर एक-दोन जिवंत अळ्या. टंगस्टन शिशाहून जड, तेव्हा आकार लहान ठेवूनही आमिष पटकन तळाशी पोचते. हे महत्त्वाचे, कारण थवा एका भोकाखाली थोडाच वेळ थांबतो. एक पर्च काढला की दुसऱ्या क्षणी आमिष परत खाली गेले पाहिजे. पाण्यात काहीच हलत नसेल तर थवा सरकतो. पाच मिनिटे शांतता असेल तर उठावे. पहिला पर्च साफ करताना त्याचे पोट उघडून बघावे. लाल अळ्या निघाल्या तर लहान लाल जिग तळालगत, अगदी न हलवल्यासारखा धरायचा. लहान मासे निघाले तर छोटा स्पून बेधडक चालवायचा. दुकानात मिळणाऱ्या सल्ल्यापेक्षा हा सल्ला ताजा असतो.

‘नको असलेला मासा सोडून द्यावा’, हेही लेखातले वाक्य अर्धेच खरे. वॉलआय आणि पर्च या दोघांच्याही पोटातली हवेची पिशवी बंद असते, तिला घशाकडे वाट नसते. 33 फुटांवर दाब दोन वातावरणांचा, म्हणजे तिथून वर येईपर्यंत पिशवी दुप्पट फुगते, कधी जठर तोंडात येते, डोळे बाहेर येतात. असा मासा पोहत गेलेला दिसला तरी बराच वेळा मरतो. तीस फुटांहून खोल असाल तर नियमात बसणारा मासा ठेवा, आणि वाटा पूर्ण झाला की गळ गुंडाळा. खोल पाण्यात धरून सोडण्याचा खेळ करू नका. उथळातला मासा सोडतानाही त्याला उणे 20 अंशांत बर्फावर टाकून फोटो काढू नये. कल्ले आणि डोळे काही सेकंदांत गोठू लागतात.

तंबूत प्रोपेनचा हीटर असेल तर हवेला एक वाट खाली आणि एक वर, दोन्ही उघड्या, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सोबत. या वायूला वास नसतो. थंडीने डोके दुखतेय असे वाटले तर आधी दार उघडावे, कारण नंतर शोधावे.

नियमांबद्दल लेख गप्प आहे. परवाना तर हवाच. मिल लॅक्सवर वॉलआय किती आणि केवढा ठेवायचा हे वेळोवेळी बदलते, कारण 1837 च्या तहानुसार ओजिब्वे जमातींचे मासेमारीचे हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये मान्य केले आणि तळ्यातला वाटा राज्य व जमाती मिळून ठरवतात. म्हणून गेल्या वर्षीच्या आकड्यावर जाऊ नये, त्या आठवड्याचा नियम बघावा. 2005 मध्ये इथे झेब्रा शिंपले सापडले; तेव्हापासून आमिषाच्या बादलीत तळ्याचे पाणी भरून बाहेर नेता येत नाही, ते ओतून घरून आणलेले पाणी भरायचे. उरलेले आमिष पाण्यात सोडायचे नाही, कचऱ्यात टाकायचे. आणि कचरा बर्फावर सोडायचा नाही, तो वितळून तळ्यातच जातो.

मिनेसोटाच्या आतल्या तळ्यांवर वॉलआयचा हंगाम फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी बंद होतो. पर्च पुढेही चालतो. मार्चात पर्च पुन्हा उथळाकडे सरकतो आणि खातोही जोरात, पण तेव्हाचा बर्फ फसवा असतो. उन्हाने त्यात उभ्या कांड्या सुटतात. पट्टीवर 20 इंच दिसतात आणि पहार मारली की काचेच्या नळ्यांसारखा तो सुटा होतो. सकाळी कडक, दुपारी किनाऱ्याला पाणी. त्या महिन्यात पहाटे जावे, अकराच्या आत परतावे, आणि चुकून वॉलआय लागला तर तो लगेच परत पाण्यात सोडावा लागतो, म्हणून खोल पाण्यात गळ टाकूच नये.

आपला,
एक वाचक